बर्फावरची वीज : लीडिया स्कोब्लिकोव्हा

भगिनींनो, ८ मार्च हा दिवस आपण महिला दिन म्हणून साजरा करतो. १९३९ साली याच तारखेला रशियातील उरल पर्वतात, झ्लातोउस्त नावाच्या गावी एक मुलगी जन्मली. हे गाव पोलादासाठी आणि नक्षीदार तलवारींसाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध. पोलादाच्या गावची ही लेक पुढे पोलादाच्याच पात्यांवर उभी राहून जगज्जेती झाली. तिचे नाव लीडिया स्कोब्लिकोव्हा.

तिचा खेळ म्हणजे बर्फावरची स्केटिंगची शर्यत. आपल्याकडे बर्फ गोळेवाल्याच्या गाडीवरच दिसायचा, म्हणून या खेळाची थोडी माहिती देते. बुटांच्या तळाला लांब, धारदार पाते बसवलेले असते. बर्फाचे रिंगण चारशे मीटरचे. एका वेळी दोघीच धावतात, एक आतल्या पट्टीत, एक बाहेरच्या. आणि दर फेरीला पट्टी बदलतात, म्हणजे दोघींना सारखेच अंतर पडते. पण जोडीदारणीला मागे टाकले म्हणून विजय मिळत नाही. सगळ्या जोड्या धावून झाल्यावर जिची वेळ सर्वांत कमी ती पहिली. त्यामुळे आधी धावलेलीला शेवटपर्यंत दुसरीच्या घड्याळाकडे डोळे लावून बसावे लागते.

हिवाळी ऑलिम्पिकमध्ये पुरुषांची ही शर्यत १९२४ सालापासून, म्हणजे अगदी पहिल्या वर्षापासून होती. बायकांना मात्र १९३२ साली अमेरिकेतील लेक प्लॅसिड येथे नुसते प्रदर्शनापुरते धावू दिले. पदक नाही, काही नाही. १९३६ साली बायकांची अधिकृत जागतिक स्पर्धा सुरू झाली, तरी ऑलिम्पिकचे दार बंदच राहिले. नॉर्वेची लैला शौ निल्सेन ही स्केटिंगमधली मोठी गुणी मुलगी. १९३६ च्या ऑलिम्पिकमध्ये तिच्या खेळाला जागाच नव्हती. तेव्हा ही सोळा वर्षांची पोर बर्फाच्या डोंगरउतारावरून घसरण्याच्या, म्हणजे स्कीइंगच्या स्पर्धेत उतरली आणि त्यात कांस्यपदक घेऊन आली! पुढे १९३७ आणि १९३८ साली ती स्केटिंगची जगज्जेती झाली. रशियाची मारिया इसाकोव्हा १९४८, १९४९ आणि १९५० अशी सलग तीन वर्षे जगज्जेती होती. तिला तर ऑलिम्पिकच्या बर्फावर पाऊल ठेवायलाच मिळाले नाही. अंगी गुण होते, मेहनत होती; दार तेवढे उघडले नव्हते.

ते उघडले १९६० साली, अमेरिकेत, त्या वेळी स्क्वॉ व्हॅली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी. पुरुषांनंतर छत्तीस वर्षांनी! बायकांच्या चार शर्यती ठेवल्या होत्या : ५००, १०००, १५०० आणि ३००० मीटर. पहिले सुवर्णपदक जर्मनीच्या हेल्गा हासे हिने ५०० मीटरला मिळवले. दुसऱ्या दिवशी १५०० मीटरला लीडिया धावली. वय अजून एकवीसही पुरे नव्हते. तिने २ मिनिटे २५.२ सेकंदांत शर्यत संपवून जागतिक विक्रमच केला. १००० मीटरला ती चौथी आली. त्या शर्यतीत पोलंडची एल्विरा सेरोचिन्स्का सुवर्णपदकाच्या वेगाने येत असता शेवटच्या वळणाशी पडली. एका क्षणाच्या चुकीला या खेळात माफी नाही. ३००० मीटरला लीडियाने दुसरे सुवर्णपदक मिळवले.

एवढे झाले तरी जगज्जेतेपद काही लगेच हाती आले नाही. १९६० आणि १९६१ साली ते तिच्याच देशाच्या व्हालेंतिना स्तेनिनाकडे गेले, १९६२ साली इंगा आर्तामोनोव्हाकडे. घरातच अशा सख्या-प्रतिस्पर्धी असताना लीडिया खेळत राहिली. १९६३ साली जपानमधील करुइझावा येथे तिने चारही अंतरे जिंकली आणि जगज्जेती झाली.

मग आले १९६४ चे इन्सब्रुक, ऑस्ट्रियातील ऑलिम्पिक. खरी कसोटी पहिल्याच दिवशी होती. लीडियाचा जोर लांब अंतरावर. ५०० मीटरला लागते ती सुरुवातीचीच झेप, आणि त्या अंतरात मुरलेल्या मुली तिच्याच संघात होत्या. ३० जानेवारीला तिने ४५ सेकंदांत ती शर्यत जिंकली आणि सगळे थक्क झाले. ३१ जानेवारीला १५०० मीटर. दुसरी आलेली फिनलंडची काया मुस्तोनेन जवळजवळ तीन सेकंद मागे राहिली. १ फेब्रुवारीला १००० मीटर, तीही तिचीच. तिन्ही वेळा ऑलिम्पिक विक्रम!

२ फेब्रुवारीला उरली ३००० मीटर. त्या वर्षी इन्सब्रुकला हवा उबदार होती, बर्फ मऊ पडला होता. अशा बर्फात पाते रुतते आणि पाय जड होतात. लीडियाने ५ मिनिटे १४.९ सेकंद घेतले. चार वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या वेळेहून ०.६ सेकंद जास्त. तरी तिला कोणी गाठू शकले नाही. स्तेनिना आणि उत्तर कोरियाची हान पिल-ह्वा या दोघींची वेळ अगदी सारखी, ५ मिनिटे १८.५ सेकंद, म्हणून दोघींनाही रौप्यपदक मिळाले. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये पदक मिळवणारी हान ही आशियातील पहिली स्त्री.

चार दिवसांत चार सुवर्णपदके! एकाच हिवाळी ऑलिम्पिकमध्ये चार वैयक्तिक सुवर्णपदके मिळवणे त्याआधी कोणा पुरुषालाही जमले नव्हते. त्याच हिवाळ्यात स्वीडनमध्ये तिने पुन्हा चारही अंतरे जिंकून जगज्जेतेपद राखले. लोक तिला ‘उरलची वीज’ म्हणू लागले.

१९६८ साली ग्रेनोबलला ती उतरली, पण ३००० मीटरला सहावी आली. खेळात चढ असतो तसा उतारही असतो. शारीरिक शिक्षणाचे शिक्षण तिने घेतलेलेच होते; पुढे ती अध्यापनात रमली. २०१४ साली रशियातील सोची येथे हिवाळी ऑलिम्पिकचा ध्वज वाहून आणणाऱ्या आठ जणांत ती होती, आणि अंतराळात जाणारी पहिली स्त्री व्हालेंतिना तेरेश्कोव्हाही होती. बर्फाच्या रिंगणावर सहा सुवर्णपदकांचा तिचा आकडा दुसऱ्या कोणाला गाठायला २०२२ साल उजाडले. नेदरलँड्सच्या आयरीन वुस्टने तो गाठला. तीही एक स्त्रीच!

भगिनींनो, लीडियाचे कौतुक करताना मला लैला आणि मारिया आठवतात. दार बंद असतानाही त्या खेळत राहिल्या, म्हणून ते उघडले तेव्हा आत जायला लीडियासारख्या मुली तयार होत्या. आपल्यातल्या कितीतरी जणींचा खेळ शाळेबरोबरच सुटला. माझा सातवीला सुटला. मुलगी मोठी झाली, आता धावणे-उड्या पुरे, असे घरोघर ठरलेले असे. आपल्या लेकी-सुनांच्या बाबतीत ते ठरवणाऱ्या आता आपणच आहोत. संध्याकाळी मुलगी मैदानावर जायला निघाली, तर स्वयंपाकघरातून तिला हाक मारण्याआधी क्षणभर थांबावे. भाजी आपण निवडू शकतो. तिची शर्यत मात्र तिलाच धावायची आहे.