मराठा आरमारातील गुराबेची प्रतिकृती आणि विश्वसनीय आराखड्याचा प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

शिवनेरीच्या परिसरात, म्हणजे जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत, दिवाळीत अंगणात किल्ला करण्याची परंपरा आहे. महाळुंगे पडवळसारख्या गावातील विद्यार्थ्याला शिवनेरी, चावंड, हडसर किंवा जीवधन यांची प्रतिकृती करावयाची झाल्यास तो गडावर जाऊ शकतो, तटाची लांबी पावलांनी मोजू शकतो आणि दरवाज्याची दिशा स्वतः पाहू शकतो. ज्या किल्ल्यावर छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म झाला तो मोजता येतो. परंतु त्यांनी समुद्रावर उभे केलेले आरमार मोजता येत नाही. मराठा आरमारातील एकही गुराब आज अस्तित्वात नाही आणि तिच्या बांधणीचा समकालीन आराखडाही अभ्यासकांसमोर नाही. असे असूनही शाळा-महाविद्यालयांच्या प्रदर्शनांतून गुराबेच्या प्रतिकृती मांडल्या जातात आणि त्यांपैकी अनेकींचा सांगाडा युरोपीय जहाजाच्या तयार नकाशावरून घेतलेला असतो. अशी प्रतिकृती पाहणारा विद्यार्थी तिलाच पुरावा मानतो. त्यामुळे हा प्रश्न केवळ हस्तकलेचा नसून इतिहासाच्या साधनांचा आहे.

उद्दिष्टे व पद्धती :

लाकडी युद्धनौकेच्या प्रतिकृतीसाठी विश्वसनीय आराखडा कोठे मिळतो व कोठे मिळत नाही हे पाहणे. गुराबेविषयीच्या उपलब्ध साधनांची मर्यादा ठरविणे. आणि आराखड्याच्या अभावी प्रतिकृती कशी करावी याची दिशा सुचविणे, ही प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे आहेत. त्यासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

आराखडा असलेली जहाजे : मुंबई गोदीचे उदाहरण

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर बांधलेल्या सर्वच लाकडी युद्धनौकांचे आराखडे नाहीसे झालेले नाहीत. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी ब्रिटिश नौदलासाठी सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली तयार झालेली ‘त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरविण्यात आली. ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगत्या स्थितीत जतन केलेली आहे. तिचा नमुना ‘लीडा’ वर्गाचा असून तो मुळात १७८२ मध्ये इंग्रजांनी पकडलेल्या ‘एबे’ या फ्रेंच फ्रिगेटवरून घेतलेला होता. ब्रिटिश नौदलाचे असे आराखडे ग्रीनिच येथील नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये जतन केलेले आहेत.

तथापि, आराखडा असणे आणि जहाज त्या आराखड्याप्रमाणे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मुंबईसाठी पाठविलेले नकाशे घेऊन निघालेली ‘जावा’ ही नौका २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यालगत अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने जिंकली व नकाशे गमावले गेले. ‘त्रिंकोमाली’साठी नकाशांची दुसरी प्रत पाठवावी लागली. ‘वेलस्ली’ या ७४ तोफांच्या जहाजाच्या बाबतीत मात्र वेगळे घडले. मुंबईतच १८१३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘कॉर्नवॉलिस’च्या आकारावरून ते बांधण्यात आले व १८१५ मध्ये पाण्यात उतरले. म्हणजे जो प्रतिकृतिकार ‘वेलस्ली’साठी मूळ आदेशातील वर्गाचा नकाशा वापरील, तो अस्सल नकाशावरून चुकीचे जहाज करील. नकाशाचा खरेपणा तपासताना तो कोणाचा, केव्हाचा व प्रत्यक्षात वापरला गेला की नाही, हे तिन्ही प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.

गुराबेची साधने :

मराठा आरमाराच्या बाबतीत असा नकाशा मिळत नाही, याचे मुख्य कारण बांधणीच्या पद्धतीत आहे. कोकणातील सुतार कागदावर जहाज काढून मग ते बांधत नसे. पठाण घालणे, नाळ उभी करणे आणि वाक बसविणे ही कामे तो परंपरेने आलेल्या प्रमाणांनी व नजरेच्या अंदाजाने करी. आराखडा होता, पण तो कारागिराच्या हातात व स्मरणात होता. दुसरे कारण राजकीय आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हा तुळाजी आंग्रे यांनी इंग्रजांकडून पूर्वी जिंकलेल्या ‘रेस्टोरेशन’ या जहाजावर गोळा पडून आग लागली आणि जवळ बांधून ठेवलेल्या गुराबा जळून गेल्या. मोजता येण्याजोगा पुरावा अशा रीतीने नष्ट झाला.

उरलेल्या लिखित साधनांत सभासदाच्या बखरीचा (१६९७) उल्लेख प्रथम करावा लागेल. तीत गुराबा, तरांडी, गलबते, शिबाडे अशी जहाजांची नावे येतात, परंतु मापे येत नाहीत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचे महत्त्व त्याहून अधिक आहे. गुराबा फार मोठ्या वा फार लहान नसाव्यात, मध्यम असाव्यात आणि वाऱ्याखेरीज हलूच न शकणारी अवजड जहाजे करण्याचे प्रयोजन नाही, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. यात एकही माप नसले तरी बांधणीमागील विचार स्पष्ट आहे. उंच बाजूंच्या, अनेक मजली युरोपीय जहाजाचा सांगाडा गुराब म्हणून वापरणे या विचाराशी विसंगत ठरते.

मापांच्या सर्वाधिक जवळ जाणारे वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराचे आहे. त्याच्या १७६३ मध्ये प्रकाशित झालेल्या ग्रंथानुसार गुराबेस बहुधा दोन व क्वचित तीन डोलकाठ्या असत. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, तर दोन डोलकाठ्यांची १५० टनांपेक्षा मोठी नसे. लांबीच्या मानाने रुंदी बरीच, पाण्यातील खोली कमी, आणि पुढील भाग भूमध्य समुद्रातील गॅलीप्रमाणे बाहेर आलेला, असे तिचे स्वरूप होते. या पुढे आलेल्या नाळेवरून मारा करण्यासाठी ९ किंवा १२ पौंडी दोन तोफा असत. गलबताला ४० ते ५० वल्ही असत, असेही तो नोंदवितो. ऑर्म कंपनीच्या पक्षाचा असला तरी शत्रूच्या जहाजांची क्षमता नोंदविताना अचूकता त्याच्या हिताचीच होती.

टनांवरून लांबी निघते काय?

या वर्णनावरून थेट आराखडा काढण्याचा मोह होतो. परंतु तो किती धोक्याचा आहे हे साध्या गणिताने दाखविता येते. त्या काळच्या इंग्रजी रीतीनुसार पठाणाची हिशेबी लांबी, रुंदी आणि रुंदीचा निम्मा भाग यांचा गुणाकार करून त्यास ९४ ने भागले असता टन मिळत. ऑर्मचे १५० टन याच मोजणीचे आहेत असे गृहीत धरले तरी, रुंदी २० फूट मानल्यास पठाणाची लांबी सुमारे ७० फूट येते आणि रुंदी २५ फूट मानल्यास ती सुमारे ४५ फूट येते. १:५० या प्रमाणाच्या प्रतिकृतीत हा फरक ४३ सेंटिमीटर व २७ सेंटिमीटर असा पडतो. दोन्ही प्रतिकृती एकाच वाक्याला प्रामाणिक असूनही दोन वेगळी जहाजे ठरतात. सबब टनांच्या आकड्याला चित्रांची व जिवंत परंपरेची जोड देणे अपरिहार्य आहे.

चित्रांमध्ये कलकत्त्यात राहिलेल्या सॉल्व्हिन्स या फ्लेमिश चित्रकाराचे गुराबेचे चित्र उपयुक्त आहे. त्याचा पहिला चित्रसंग्रह १७९९ चा आहे, म्हणजे विजयदुर्गाच्या पाडावानंतर चार दशकांनी प्रसिद्ध झालेला. शिवाय चित्र हे मोजमाप नव्हे. प्रमाणबद्ध रेखाटने पाहावयाची असल्यास जॉन एडी याचा १८३४ मधील रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातील लेख आणि फ्रेंच नौदल अधिकारी पॅरिस याचा १८४० च्या दशकातील ग्रंथ यांकडे वळावे लागते. या दोघांनी पत्तेमारीसारख्या पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारी जहाजांच्या रेषा काढल्या. ती गुराब नव्हे. मात्र त्याच किनाऱ्यावरील सुतारांच्या हातचा आकार त्यांतून दिसतो.

पुनर्रचनेची पद्धत :

आराखड्याविना जहाज उभारण्याचे अलीकडील उदाहरण या संदर्भात मार्गदर्शक ठरते. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील पाचव्या शतकातील चित्रावरून शिवणीच्या पद्धतीचे ‘कौंडिण्य’ हे जहाज गोव्यात बांधण्यात आले आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते भारतीय नौदलात दाखल झाले. केरळमधील पारंपरिक कारागिरांनी बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली त्याची बांधणी केली, तर जलगतिकीय चाचण्या मद्रास आयआयटीत झाल्या. हे जहाज पाचव्या शतकातील विशिष्ट जहाजाची नक्कल आहे असा दावा करता येत नाही. चित्र, कारागीर व चाचणी यांच्या आधारे केलेली ती पुनर्रचना आहे.

हीच शिस्त गुराबेच्या लहानशा प्रतिकृतीलाही लावता येते. प्रतिकृतीसोबत एक साधनपत्रक ठेवावे आणि प्रत्येक भागापुढे त्याचा आधार लिहावा : समकालीन वर्णनातून घेतलेले, समकालीन वा उत्तरकालीन चित्रातून घेतलेले, उत्तरकालीन मोजमापातून घेतलेले, की केवळ अनुमान. पुढे आलेली नाळ व तोफांची जागा पहिल्या वर्गात येतील. तळाचा आकार तिसऱ्या वर्गात. आणि रंग, कोरीवकाम व मागील बाजूची सजावट बहुतांशी शेवटच्या वर्गात जाईल.

निष्कर्ष :

१. मुंबई गोदीतील जहाजांचे आराखडे उपलब्ध असले तरी प्रत्यक्ष बांधणी कोणत्या नकाशावरून झाली हे तपासणे आवश्यक आहे.

२. गुराबेचा ‘अचूक आराखडा’ म्हणून दिला जाणारा कोणताही नकाशा वस्तुतः पुनर्रचना असतो. तो आधारांसह दिला तरच ग्राह्य मानावा.

३. आराखडा नसणे हा मराठा नौकाबांधणीच्या मागासलेपणाचा पुरावा नाही. तो ज्ञान जतन करण्याच्या वेगळ्या रीतीचा परिणाम आहे. म्हणूनच कोकणातील लाकडी होड्या बांधणाऱ्या सुतारांच्या प्रमाणांची, परिभाषेची व अवजारांची नोंद हे इतिहास विभागांचे तातडीचे काम आहे. किल्ला उद्याही मोजता येईल. सुताराच्या स्मरणातील माप त्याच्याबरोबर जाईल.