सातबारा : आपल्या घरातलं सगळ्यात जुनं डेटा मॉडेल (भागाचा लिखित मसुदा)

आजचा भाग नेऱ्यातूनच रेकॉर्ड होतोय. पनवेलहून धोदाणीकडे जाताना जे नेरे लागतं ना, तेच. मागून बाईकचे आवाज आले तर समजून घ्या.

बऱ्याच दिवसांपासून एकच प्रश्न येतोय : "बीआयसाठी डेटा मॉडेल कसं निवडायचं? स्टार स्कीमा घ्यावा की सगळं एकाच मोठ्या टेबलात टाकावं?" या प्रश्नावर कोर्स ढिगाने आहेत, आणि त्या सगळ्यांत एकच उदाहरण असतं : ग्राहक, ऑर्डर, प्रॉडक्ट. मला त्याचा कंटाळा आलाय. आपल्याकडे याच प्रश्नावर दोनशे वर्षांपूर्वी खरी मारामारी झाली आणि एक मॉडेल सपशेल आपटलं. त्यात गावंच्या गावं ओस पडली. दुसरं मॉडेल इतकं टिकलं की त्याचा वारस आज तुमच्या घरच्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला आहे. सातबारा.

गोष्ट पेशवाई संपल्यावर सुरू होते. १८१८ मध्ये दख्खन ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आलं आणि कंपनीपुढे एक साधा दिसणारा प्रश्न उभा राहिला : कुठल्या शेतावर किती सारा लावायचा? हा बीआयचाच प्रश्न आहे. निर्णय घ्यायचाय, त्यासाठी आकडा हवा, आणि आकडा कशातून काढायचा ते ठरवायचंय.

हे काम मिळालं रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याला. हा माणूस इंग्लंडात हेलीबरीच्या कॉलेजात माल्थसच्या हाताखाली शिकलेला. रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत तेव्हा ताजा होता. प्रिंगलचं मॉडेल कागदावर एकदम देखणं : प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं एकूण उत्पन्न काढा, त्यातून बियाणं, बैल, मजुरी असा सगळा खर्च वजा करा, जे निव्वळ उरेल त्याचे ५५ टक्के सरकारचे.

आता आपल्या भाषेत बघा. प्रिंगलने जो कॉलम सगळ्यात महत्त्वाचा मानला, 'निव्वळ उत्पन्न', तो कुठेच मोजला जात नव्हता. तो बऱ्याच अंदाजांमधून काढायचा होता. बाजरी किती पिकली, कडबा केवढ्याला गेला, बैल किती वर्षं टिकला, घरच्या माणसांची मजुरी किती धरायची. यातला प्रत्येक आकडा खालच्या कारकुनांनी शेतकऱ्याला विचारून भरायचा. सारा वाढेल हे माहीत असताना शेतकरी खरं का सांगेल? आणि कारकुनाने चार पैसे घेऊन आकडा फिरवला तर वरच्या साहेबाने तपासायचं कसं? काळी माती डोळ्यांना दिसते. निव्वळ उत्पन्न दिसत नाही.

पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्याला हा हिशोब भोवला. दर जास्त बसले, त्यात धान्याचे भाव पडलेले आणि पावसाने दगा दिलेला. शेतं पडीक राहिली, सारा थकला, माणसं शेजारच्या निजामाच्या मुलखात निघून गेली. सूत्रात गणिताची चूक नव्हती. सूत्रात जे घातलं ते कुणालाच पडताळता येत नव्हतं. मला विचाराल तर डेटा मॉडेलिंगच्या कुठल्याही पुस्तकाचा पहिला धडा हाच असायला हवा.

१८३५ मध्ये त्याच इंदापुरात दोघांनी नव्याने सुरुवात केली : हेन्री गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि जॉर्ज विंगेट हा लष्करातला इंजिनिअर. (इंजिनिअर होता, हे मी मुद्दाम सांगतोय.) त्यांनी पहिल्यांदा ठरवलं की एक ओळ म्हणजे काय. डेटावाले याला ग्रेन म्हणतात. त्यांची एक ओळ म्हणजे एक सर्व्हे नंबर, आणि त्याचा आकार साधारण एका बैलजोडीला कसता येईल एवढा. गाव नाही, कुटुंब नाही, जमिनीचा तुकडा. त्याच्या हद्दीला दगड रोवले, साखळीने मोजणी केली, नंबर दिला. आता कुणालाही शेतावर जाऊन ती ओळ तपासता येणार होती.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. मातीतून किती पैसे निघतात हे त्यांनी विचारलंच नाही. ही माती त्या मातीच्या मानाने कशी, एवढंच विचारलं. खोली किती, रंग काळा की तांबडा की बरड, त्यात दगडगोटे, चुनखडी, उतार असे दोष किती. यावरून माती नऊ प्रतींत बसवायची आणि आण्यांत मांडायची. उत्तम माती सोळा आणे, बाकीची त्याखाली. मग हवामान आणि बाजाराचं अंतर यांवरून गावांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटाला एक कमाल दर द्यायचा.

हिशोब करून बघू. समजा गटाचा कमाल दर एकरी १ रुपया. माझं शेत ५ एकर, माती १२ आणे. म्हणजे एकरी १२ आणे, गुणिले ५, झाले ६० आणे. ३ रुपये १२ आणे. संपलं. कुठलाही पाटील हे बोटांवर मोजून दाखवेल. आणि हा दर ३० वर्षं बदलणार नाही, असं आश्वासन.

आजच्या शब्दांत सांगायचं तर शेताचं क्षेत्र हे मोजलेलं माप, आणि मातीची प्रत व गावाचा गट ही डायमेन्शन. दर त्या गटाला चिकटलेला. उद्या बाजारभाव बदलले तर फक्त गटाचा दर बदला, लाखो शेतं परत मोजायची गरज नाही. सारखं बदलणारं आणि न बदलणारं त्यांनी वेगळं ठेवलं. राल्फ किंबॉलचं 'द डेटा वेअरहाऊस टूलकिट' १९९६ चं, कॉडचा रिलेशनल मॉडेलवरचा निबंध १९७० चा. या पद्धतीचे नियम 'जॉइंट रिपोर्ट' म्हणून पक्के झाले १८४७ मध्ये.

पण फार कौतुक नको. गटाचा कमाल दर ठरवायचा तो साहेबानेच, मागच्या वसुलीचे आकडे बघून. मॉडेल स्वच्छ होतं, पण त्यातला सगळ्यात जड आकडा माणसाच्या मर्जीवर होता. ३० वर्षं संपल्यावर १८६७ च्या सुमारास इंदापूरची फेरतपासणी झाली. मधल्या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढलेले, रेल्वे आलेली. त्या तेजीच्या छायेत नवे दर चढे लागले. मग भाव कोसळले, आणि दर मात्र पुन्हा ३० वर्षांसाठी बांधलेले. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात दंगा पेटला. राग मुख्यतः सावकारांवर होता, साऱ्याचा बोजा हे त्यामागचं एक कारण होतं. कुठलं मोठं यावर इतिहासकार अजून भांडतात. पण लोकांनी जाळलं काय? कर्जाची खतं. म्हणजे त्यांच्या विरुद्ध वापरला जाणारा डेटा. बॅकअप नसलेला.

विंगेटच्या मॉडेलमध्ये आणखी एक मोठं भगदाड होतं. त्यात जमीन होती, माणूस जेमतेम होता. सारा कोण भरतो त्याचं नाव असायचं. गहाण कुणाकडे आहे, भावाचा हिस्सा किती, कुळ कोण, याला जागा नव्हती. ती उणीव भरायला १९०३ मध्ये मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा आला आणि १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यात घातला गेला. पुढे अँडरसन या अधिकाऱ्याच्या महसुली हिशोबाच्या मॅन्युअलने गावाच्या दप्तराला नमुना १ ते २१ असं रूप दिलं. 'गाव नमुना सात' आणि 'गाव नमुना बारा' हे त्यातलेच दोन.

आता नीट ऐका, कारण इथे सगळा स्कीमाच आहे. नमुना १ म्हणजे आकारबंद, गावातल्या सगळ्या जमिनीची मूळ यादी. नमुना ६ म्हणजे फेरफार : विक्री झाली, वारस लागला, बोजा चढला की क्रमाने एकेक नोंद. इव्हेंट लॉगच की. नमुना ७ म्हणजे त्या फेरफारांमधून तयार झालेली आजची स्थिती, म्हणून सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक छापलेले असतात. ८अ म्हणजे तीच माहिती खातेदाराच्या बाजूने फिरवून : या माणसाची गावात एकूण किती जमीन. आणि नमुना १२ म्हणजे दर वर्षी, दर हंगामात, कुठल्या पिकाखाली किती क्षेत्र. हा आपला फॅक्ट टेबल. तिथून गोषवारा निघतो, गावाचा मंडळात, मंडळाचा तालुक्यात, तालुक्याचा जिल्ह्यात. डॅशबोर्डवर आपण जे ड्रिल-डाऊन करतो त्याची उलटी वाट.

सात आणि बारा एकाच कागदावर छापतात, त्यामुळे नवखे लोक ते एकच टेबल समजतात. इथे फसगत होते. समजा एका गटात तीन भावांची नावं आहेत आणि ६० आर भात आहे. सात आणि बारा गट क्रमांकावर जोडले की भाताची ओळ तीनदा येते. बेरीज मारली तर १८० आर. एवढी जमीनच नाही! पिकाचं क्षेत्र गटाचं आहे, मालकाचं नाही. दोघांचा ग्रेन वेगळा. उपाय दोन. पिकाची बेरीज आधी गटपातळीवर करा आणि मगच मालक जोडा. किंवा मध्ये हिश्श्याचं टेबल ठेवून क्षेत्र वाटून द्या, पण सामाईक खात्यात हिस्से लिहिलेलेच नसतील तर दुसरा उपाय विसरा. आणि शेवटी एक ताळा हवाच : सगळ्या सातबाऱ्यांच्या क्षेत्राची बेरीज आकारबंदाशी जुळली पाहिजे. जुळत नसेल तर तो डॅशबोर्ड साहेबांना दाखवू नका.

किल्ली बदलली की काय होतं, तेही आपल्याकडे सगळं होऊन गेलंय. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्यानंतर अनेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. एकर-गुंठे जाऊन हेक्टर-आर आले. एक गुंठा म्हणजे सुमारे १.०१ आर, त्यामुळे एकक चुकलं तरी आकडा बरोबरच वाटतो, हा सगळ्यात छुपा बग. १ जानेवारी १९८१ ला कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला. तिथे फक्त नाव बदललं, जुन्या नावावर नवं लिहिलं तरी चालतं. पण १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा निघाला. 'ठाणे जिल्हा, दहा वर्षांचा ट्रेंड' असा चार्ट काढला तर त्या वर्षी भात अचानक कोसळलेलं दिसेल. कोसळलं काहीच नाही, तालुके दुसऱ्या नावाखाली गेले. म्हणून तालुका कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत कुठल्या जिल्ह्यात होता, अशा दोन ओळी ठेवाव्या लागतात. स्लोली चेंजिंग डायमेन्शन, टाइप टू, हे भारदस्त नाव याच कामाला आहे.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. आधी तलाठी पीक लिहायचा, आता शेतकरी स्वतः मोबाईलवरून शेतात उभा राहून फोटोसकट नोंदवतो. कॉलम तोच, भरणारा हात बदलला. २०२० आणि २०२२ ची तुलना करणाऱ्याने 'नोंद कुणी केली' हा आणखी एक कॉलम ठेवावाच. प्रिंगल आठवा : आकडा कोण भरतोय आणि त्यात त्याचा फायदा-तोटा काय.

आता आपल्या दारातलं. नेरे नैना क्षेत्रात आहे. जानेवारी २०१३ मध्ये सिडकोकडे ही जबाबदारी आली. नगर रचना योजनेत मूळ जमिनीच्या बदल्यात मालकाला अंतिम भूखंड मिळतो, साधारण ४० टक्के, नव्या क्रमांकाचा. म्हणजे पुन्हा एकदा किल्ली बदलणार. जुना नंबर कुठल्या नव्या नंबरात गेला हे जोडणारं टेबल प्रत्येकाने आपल्या घरी तरी करून ठेवा : जुना गट, क्षेत्र, फेरफार क्रमांक, नवा भूखंड. साध्या शीटवर होतं.

पण या जोडणीत जो येतच नाही, त्याचं काय? नमुना सातवर भोगवटादाराचा रकाना आहे आणि 'इतर अधिकार' नावाचा एक रकाना आहे, ज्यात कुळ, बोजा, बहिणींचा हक्क, न्यायालयाचा आदेश असं सगळं मोकळ्या मजकुरात कोंबलेलं असतं. मोकळ्या मजकुरावर फिल्टर लागत नाही, म्हणून कुठल्याही अहवालात ते येत नाही. आणि रायगड जिल्ह्यात कितीतरी कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत. त्यांचं नाव भोगवट्यातही नाही आणि इतर अधिकारातही नाही. अशा गटाचा सातबारा घेऊन क्वेरी मारली तर उत्तर येतं : एक मालक, अमुक आर, पीक गवत. घरं शून्य. क्वेरी बरोबर चाललेली असते, एररही येत नाही. वाडीतल्या घरांची ओळ कुठल्या नमुन्यात घालायची आणि ती गटाला कशी जोडायची, हे मॉडेल पुढच्या भागात बोर्डावर काढू. तोवर घरचा ८अ काढून सातबाऱ्यांशी बेरीज जुळते का बघा, आणि नाही जुळली तर फरक किती आला ते कमेंटमध्ये टाका. गट नंबर मात्र टाकू नका.