कुवेतच्या बाल्कनीतली तुळस आणि तिचा परिवार



कुवेतमधल्या बऱ्याच मराठी घरांत एक गोष्ट हमखास घडते. हिवाळ्याच्या तोंडावर हौसेने आणलेली तुळस एप्रिलपर्यंत छान वाढते, मे महिन्यात पाने गाळते आणि जूनअखेर कुंडीत नुसत्या काड्या उरतात. आमच्याकडे लागोपाठ तीन उन्हाळे हेच झाले. तिसऱ्या वर्षी आई इथे मुक्कामाला होती. ती काही बोलली नाही, पण रोज संध्याकाळी त्या काड्यांपुढे दिवा लावत राहिली. तेव्हा मात्र आम्हाला लाज वाटली.

आम्ही दोघेही इंजिनिअर. सर्व्हर बंद पडला की आधी कारण शोधायचे आणि मग उपाय करायचा, ही ऑफिसातली सवय. तीच इथे लावायची ठरवली. त्यातून जे हाती लागले ते या लेखात क्रमाने देत आहोत. यात भिंतीला एकही भोक पाडायचे नाही, त्यामुळे भाड्याच्या फ्लॅटची अनामत रक्कमही सुरक्षित!

१. आधी पंचांग बदला

आपल्या मनात लागवड म्हणजे मृग नक्षत्र, म्हणजे जूनचा पहिला आठवडा. कुवेतमध्ये नेमका तोच काळ बंद ठेवायचा. इथे वर्षभरात सरासरी सव्वाशे मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही, आणि तोही साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळात. २१ जुलै २०१६ रोजी मित्रिबा येथे ५३.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेने २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. उलट जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या खाली जातो. म्हणजे रोपाला दोन्ही टोके सोसावी लागतात.

इथले अरब लोक ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला पहाटे दक्षिणेला दिसणाऱ्या 'सुहैल' ताऱ्याची वाट पाहतात. तो दिसला की उन्हाळा उतरणीला लागला असे मानतात. हा सुहैल म्हणजे आपला अगस्त्य! ऑक्टोबरच्या मध्यापासून त्यांचा 'वस्म' हा पहिल्या पावसाचा काळ सुरू होतो. आपल्या हिशेबाने सांगायचे तर दसरा ते दिवाळी हा कुवेतचा मृग. दसऱ्याला लावलेली तुळस कार्तिकातल्या लग्नापर्यंत चांगली रुजलेली असते.

२. खरा गुन्हेगार: नळाचे पाणी

आम्ही इतकी वर्षे उन्हाला दोष देत होतो. जुलैच्या एका दुपारी स्वयंपाकघरातला थर्मामीटर नळाखाली धरला. गार पाण्याच्या नळाचे पाणी ४६ अंश! इमारतीची टाकी गच्चीवर, पाइप उन्हात. दुपारी रोप मान टाकायचे, आम्ही कळवळून लगेच पाणी घालायचो आणि मुळे अक्षरशः उकडून काढायचो. तुळस आमच्या मायेनेच मेली म्हणायची.

उपाय सोपे आहेत:

- मे महिन्यात गीझर बंद करतो. गीझर घरात, एसीच्या गारव्यात असतो, म्हणून उन्हाळ्यात त्याच्या गरम नळाला गार पाणी येते. इथल्या जुन्या मंडळींना ही युक्ती आंघोळीसाठी ठाऊक आहेच, ती झाडांनाही द्या.
- नाहीतर रात्री बादली भरून घरात ठेवा आणि पहाटे वापरा.
- जूनमध्ये इथे पाचच्या आत सूर्य उगवतो. पाणी त्याआधी, नाहीतर सूर्य मावळून कुंडी निवल्यावर. दुपारी मान टाकलेले रोप संध्याकाळी सावरले तर ते तहानलेले नव्हते, फक्त तापले होते.
- जून ते ऑगस्ट दुपारी ११ ते ४ उघड्यावर काम करायला इथे सरकारी बंदी आहे. तोच नियम कुंड्यांना लावा. त्या वेळात कुंडी सावलीतच हवी.

पाण्याबद्दल आणखी दोन शब्द. कुवेतमध्ये नदी नाही. पूर्वी शत्त-अल-अरबचे गोडे पाणी गलबतांतून यायचे. १९५३ मध्ये शुवैखला समुद्राचे पाणी गोडे करणारा सरकारी कारखाना सुरू झाला आणि आजही नळाला मुख्यतः असेच पाणी येते. तेव्हा ते जपून वापरू या. काही इमारतींत मचूळ पाण्याची वेगळी लाइन असते. ते खजुराला चालते, तुळशीला नाही. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसला तर तो क्षारांचा. महिन्यातून एकदा खालच्या भोकातून भरपूर पाणी वाहून जाईल असे सावकाश पाणी द्या आणि ताटलीतले पाणी ओतून टाका. एसीच्या नळीतून गळणाऱ्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. ते आम्ही शोभेच्या झाडांना घालतो, खायच्या पाल्याला नाही.

३. दोन कुंड्यांचे वृंदावन

साहित्य: १० इंची मातीची कुंडी, तिच्याभोवती चार बोटे जागा राहील अशी मोठी कुंडी (तिलाही खाली भोक हवे), जाडी वाळू, खोल ताटली, विटांचे तुकडे, गेरूच्या रंगाचा आणि पांढरा रंग.

कृती:

१. मोठ्या कुंडीला बाहेरून गेरूचा रंग द्या. वाळल्यावर पांढऱ्या रंगाने पावले, स्वस्तिक, ठिपक्यांची रांगोळी काढा. हे काम मुलांना द्या. रेषा वाकड्या आल्या तरी चालतील.

२. मोठ्या कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे आणि वाळूचा थर द्या. वर लहान कुंडी ठेवून मधल्या फटीत वाळू भरा.

३. लहान कुंडीत दोन भाग तयार कुंडीमाती, एक भाग जाडी वाळू, एक भाग कुजलेले खत. नारळाच्या भुश्याची वीट मिळाली तर भिजवून थोडी मिसळा. समुद्रकिनाऱ्याची वाळू नको, ती खारट असते. भारतातून माती किंवा रोपे बॅगेत घालून आणू नका, रोगकिडींमुळे त्यावर निर्बंध असतात. इथे अल-राय भागात फ्रायडे मार्केटजवळच्या रोपवाटिकांत सगळे मिळते.

४. उन्हाळ्यात मधली वाळू ओली ठेवा. माठातले पाणी जसे गार राहते, तशीच आतली मुळे गार राहतात. हिवाळ्यात वाळू कोरडी ठेवा.

५. कठड्याला हिरवी जाळी प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधा. खिळा नको, ड्रिल नको. ताटली मात्र विसरू नका, नाहीतर खालच्या मजल्यावरचे वाळत घातलेले कपडे भिजतील आणि हारिस दार वाजवेल!

४. पाणी किती? बॅगेचा काटा वापरा

परदेशी राहणाऱ्या प्रत्येक घरात सामान तोलायचा काटा असतोच. एखादी एकेरी, उचलता येईल अशी कुंडी पिशवीत ठेवून सकाळी पाणी घातल्यावर तोला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोला. जितके ग्रॅम कमी, तितके मिलिलिटर पाणी गेले. आमची १० इंची कुंडी जुलैत सावलीत रोज पाऊण किलो हलकी व्हायची, जानेवारीत आठवड्यालाही तेवढी नाही. म्हणजे हिवाळ्यात रोज पाणी घालून आपण मुळे कुजवतो, हे तेव्हा कळले.

५. काय, कधी?

- मेथी: ऑक्टोबर ते मार्च. डब्यातले दाणे रात्रभर भिजवून पेरा. तीन-चार आठवड्यांत भाजी.
- कोथिंबीर: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. धणे हलके रगडून दोन करा. उगवायला दोन आठवडे लागतात, धीर धरा. उन्हाळ्यात पेरू नका.
- पुदिना: बाजारातल्या जुडीच्या काड्या पाण्यात ठेवा, मुळे फुटली की लावा. वेगळ्या कुंडीत ठेवा, तो शेजाऱ्याची जागा घेतो.
- टोमॅटो, मिरची: सप्टेंबरात घरात रोपे करा, ऑक्टोबरात बाहेर ठेवा. टोमॅटोची फुले कडक थंडीत आणि ३५ अंशांच्या वर गळतात.
- अळू: बाजारातल्या अळकुड्या फेब्रुवारीअखेर लावा. ऊन नको, ओल हवी. शिजवताना चिंच विसरू नका.
- कढीपत्ता: जानेवारीत झोपतो. पाने गळाली म्हणून टाकून देऊ नका, पाणी कमी करा. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडते आहे. इथल्या चुनखडीच्या मातीत हे होतेच. रोपवाटिकेत लोहाचे खत मागा.
- मोगरा: अरबीत 'फुल'. फेब्रुवारीत छाटा. एप्रिलपासून बाल्कनी दरवळते.
- सदाफुली, कोरफड: नवशिक्यांनी इथून सुरुवात करावी.

धुळीचे वादळ येऊन गेले की दुसऱ्या दिवशी पहाटे पाने धुवा. धुळीने पानांपर्यंत उजेड पोहोचत नाही.

६. सुट्टीचा प्रश्न

शाळांना सुट्टी लागली की आपण भारतात, आणि इकडे बंद फ्लॅटची भट्टी! उलटी टांगलेली बाटली, सुती नाडीची वात असे सगळे प्रकार आम्ही केले. चार-पाच दिवसांची सोय होते, चाळीस दिवसांची नाही. खरा उपाय माणसांचाच. जे कुटुंब त्या महिन्यात इथे असेल त्यांच्या घरी, एसी चालू असलेल्या खोलीतल्या उजेडाच्या खिडकीत कुंडी पोचवा. आम्ही तीन घरे मिळून आळीपाळीने हे करतो. कुंडीवर चिठ्ठी लावतो: 'दिवसाआड अर्धा लिटर, गीझरचे पाणी.'

शेवटी

आमची चौथी तुळस दोन उन्हाळे काढून तिसऱ्या वर्षात आहे. ऑगस्टात ती निम्मी पाने गाळते, आम्ही आता घाबरत नाही. जून ते ऑगस्ट मंजिऱ्या येताच खुडतो, म्हणजे रोपाची ताकद वाचते. हिवाळ्यातल्या काही मात्र बियांसाठी पिकू देतो आणि दरवर्षी एक नवे रोप जोडीला तयार ठेवतो. तुळस काही शंभर वर्षांचे झाड नव्हे, तिची लेक हाताशी हवी.

मागच्या कार्तिकात आईने पुण्याहून कॅमेऱ्यावर लग्न पाहिले. मंगलाष्टके संपल्यावर म्हणाली, "जरा जवळ धरा, पाने बघू दे." बराच वेळ बघत होती.

यंदाचे बी वाळवून कागदाच्या पुड्यांत भरून ठेवले आहे. मंडळाच्या कार्यक्रमात भेटलात की हक्काने एक पुडी मागून घ्या, आणि तुमच्या बाल्कनीतल्या युक्त्या आम्हालाही जरूर कळवा!