बखर एका बुटाची

गोल्फ हा माझा खेळ नव्हे. सीमाभागातल्या हायस्कुलात इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली. आमचे मैदान म्हणजे कबड्डी आणि खो-खो. पण काही वर्षांपूर्वी सैन्यात अधिकारी झालेला एक माजी विद्यार्थी, ‘सर, एकदा पाहून तर घ्या,’ म्हणत मला परगावच्या एका गोल्फ मैदानावर घेऊन गेला. गुडघेदुखीमुळे माझ्या पायांत पांढरे स्पोर्ट्‌स शूज होते. फाटकावरच्या माणसाने माझ्या तोंडाआधी पायांकडे पाहिले. ‘हे बूट आत चालत नाहीत.’ विद्यार्थी बिचारा ओशाळला. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. वाईट वाटले, पण मास्तरकीची खोड जात नाही. ही परंपरा कधीची, हा प्रश्न त्या बाकावरच पडला.

शोधू लागलो तर गंमतच निघाली. १८५७ साली, आपल्याकडे उठावाची धामधूम चालू असताना, स्कॉटलंडमध्ये ‘द गोल्फर्स मॅन्युअल’ नावाचे पुस्तक निघाले. निसरड्या जमिनीवर पाय घट्ट राहावा म्हणून जाड बुटांच्या तळाला बारीक खिळे असावेत, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे मूळ बूट रानात चालायचे, आपला शेतकरी वहाणेला खिळे ठोकून घेतो त्याच कुळातले! तिथे रुबाबाचा प्रश्न नव्हता, घसरून पडू नये एवढेच. पुढे पिळाचे, बदलता येणारे खिळे आले, वर दुरंगी चामडे चढले आणि सोयीचा शिष्टाचार झाला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा, म्हणजे त्या पुस्तकाहून २८ वर्षांनी वडील.

या रुबाबदार खिळ्यांनी खेळाचेच नुकसान केले, हे मला ठाऊक नव्हते. खळग्याभोवतीचे गवत गालिच्यासारखे बारीक कापलेले असते. त्यावर लोखंडी खिळ्यांचे ओरखडे उठत आणि सरळ जाणारा चेंडू त्यावरून उडून वाट चुके. त्यात नियम असा, की आपल्या चेंडूच्या वाटेवरचा ओरखडा बुजवायचा नाही. पाय दुसऱ्याचा, भोग आपला! ही मुभा मिळायला १ जानेवारी २०१९ उजाडावा लागला. त्याआधीच अमेरिकेतल्या बॉयसी गावच्या फॅरिस मॅकमलिन आणि अर्नी डीकन या दोघांनी हिरवळ वाचवण्यासाठी प्लॅस्टिकचे मऊ खिळे काढले होते. १९९० चे दशक सरता सरता तिथल्या बहुतेक क्लबांनी लोखंडी खिळ्यांनाच मज्जाव केला. ज्या बुटाशिवाय फाटक उघडत नसे, त्याच बुटाला फाटक बंद!

मग २०१० साली ऑगस्टाच्या मास्टर्स स्पर्धेत पन्नाशीचा फ्रेड कपल्स बिनखिळ्यांचे, बाजारहाटाला घालावेत असे बूट घालून उतरला. पायांत मोजेही नव्हते. पहिल्याच दिवशी ६६ फटक्यांत फेरी संपवून त्याने आघाडी घेतली. अखेर तो सहावा आला. पण लोकांच्या लक्षात राहिले ते त्याचे बूट. पुढे बिनखिळ्यांचे बूट सर्रास दिसू लागले.

हे वाचत असताना आमच्याच शाळेच्या फलकावरची सूचना आठवली. काळे चामडी बूट सक्तीचे. मजकूर मराठीत आणि कन्नडमध्ये, खाली माझी सही. त्याच सूचनेपायी निळे स्पोर्ट्‌स शूज घालून आलेल्या आठवीतल्या एका मुलाला मी प्रार्थना संपेपर्यंत बाहेर उभे केले होते. वडिलांनी शाळेला आणि धावायला मिळून एकच जोड घेतला होता, हे मला मागाहून कळले. मला निदान बसायला बाक तरी मिळाला होता.

ती सूचना मी काढून टाकली. मुलांनी काही विचारले नाही. संस्थेच्या बैठकीत मात्र कारण विचारले गेले, तेव्हा मला १८५७ पासून सुरुवात करावी लागली.