कॅलिफोर्नियातील परराज्यीय मोटारसायकलींची नोंदणी

कॅलिफोर्नियातील परराज्यीय मोटारसायकलींची नोंदणी ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्याच्या मोटार वाहन विभागामार्फत (डीएमव्ही) पार पडणारी प्रक्रिया आहे. इतर राज्यांत अशी नोंदणी बहुधा मालकीपत्र, विमा आणि कर एवढ्यावर पूर्ण होते. कॅलिफोर्नियात मात्र वाहन राज्याच्या स्वतंत्र उत्सर्जन मानकांनुसार प्रमाणित आहे की नाही, हा प्रश्न आधी येतो. तसे प्रमाणन नसलेली आणि खरेदीच्या वेळी ७,५०० मैलांपेक्षा (सुमारे १२,०७० किलोमीटर) कमी धावलेली मोटारसायकल राज्याच्या रहिवाशाला, काही अपवाद वगळता, नोंदवता येत नाही. ही तरतूद बोलीभाषेत ‘७,५०० मैलांचा नियम’ म्हणून ओळखली जाते. ती मोटारी व ट्रक यांनाही लागू आहे, परंतु मोटारसायकलस्वारांना तिचा फटका अधिक बसतो.

पार्श्वभूमी

१९४० च्या दशकात लॉस एंजेलिस शहरावर दाट, डोळे झोंबवणारे धुरके पसरू लागले. वाहने व तेलशुद्धीकरण कारखाने यांतून बाहेर पडणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांची सूर्यप्रकाशात अभिक्रिया होऊन ओझोन तयार होतो, हे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी दाखवून दिले. १९६७ मध्ये राज्यात हवा संसाधन मंडळाची (कार्ब) स्थापना झाली आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षीच्या केंद्रीय कायद्याने नव्या वाहनांची उत्सर्जन मानके ठरवण्याचा अधिकार केंद्राकडे घेतला, मात्र कॅलिफोर्नियाला परवानगीपूर्वक अधिक कडक मानके ठेवण्याची मुभा दिली. त्यामुळे एकाच देशात दोन प्रकारची वाहने बनू लागली. केवळ केंद्रीय मानके पाळणारे वाहन ‘४९ राज्यांचे’, तर कॅलिफोर्नियाचीही मानके पाळणारे ‘५० राज्यांचे’ म्हटले जाते.

मोटारसायकलींसाठी केंद्रीय मानके १९७८ च्या मॉडेलवर्षापासून लागू झाली. पुढे २८० घनसेंटिमीटर व त्याहून मोठ्या इंजिनांसाठी कॅलिफोर्नियाने हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइडे यांची एकत्रित मर्यादा २००४ पासून दर किलोमीटरला १.४ ग्रॅम, तर २००८ पासून ०.८ ग्रॅम ठेवली. केंद्राने हेच आकडे अनुक्रमे २००६ आणि २०१० पासून स्वीकारले. म्हणजे धुराड्यातून निघणाऱ्या वायूंबाबतचा फरक त्यानंतर बराचसा संपला. उरला तो बाष्पीभवनाचा. उभ्या गाडीच्या टाकीतून व इंधनमार्गातून उडणारी पेट्रोलची वाफ कॅलिफोर्नियाच्या मानकांत स्वतंत्रपणे मोजली जाते, तर केंद्रीय मानके प्रामुख्याने टाकी व नळ्यांच्या भिंतींतून झिरपणाऱ्या इंधनापुरती आहेत. म्हणून अनेक मॉडेलांच्या कॅलिफोर्निया आवृत्तीत सक्रिय कोळशाने भरलेला एक लहान डबा (कॅनिस्टर) आणि काही जादा नळ्या असतात. उभी गाडी तापली की वाफ कोळशात शोषली जाते आणि इंजिन चालू झाल्यावर ती ओढून जाळली जाते. पुष्कळदा दोन आवृत्त्यांतील दृश्य फरक एवढाच असतो. बऱ्याच उत्पादकांनी आता सर्व राज्यांसाठी एकच आवृत्ती बनवण्याचा मार्ग पत्करला आहे.

‘नवे’ वाहन म्हणजे काय

राज्याच्या आरोग्य व सुरक्षा संहितेच्या कलम ४३१५० पासून पुढील तरतुदींनुसार प्रमाणित नसलेले नवे वाहन राज्यात आणणे, विकत वा भाड्याने घेणे, किंवा स्वीकारणे यांवर बंदी आहे. बंदी नव्या वाहनापुरती असल्याने ‘नवे’ या शब्दावर सारे अवलंबून राहते. सामान्य व्यवहारात पहिल्या ग्राहकाच्या हाती गेलेले वाहन जुने ठरते. पण तेवढ्यावर थांबले असते, तर शेजारच्या राज्यात कुणाच्या तरी नावावर चार दिवस नोंदवून वाहन सहज आत आणता आले असते. ही पळवाट बुजवण्यासाठी कलम ४३१५६ मध्ये एक निर्णायक गृहीतक आहे. ओडोमीटरवर ७,५०० वा अधिक मैल असलेले वाहन अंतिम ग्राहकाकडे गेलेले आहे, आणि त्याहून कमी मैलांचे वाहन गेलेलेच नाही, असे कायदा मानतो. निर्णायक असल्यामुळे ते पुरावा देऊन खोडता येत नाही.

मोटारीचे ७,५०० मैल वर्षभरात सहज होतात. मोटारसायकल मात्र अमेरिकेत बहुतांशी हौसेचे, सुट्टीच्या दिवसाचे वाहन आहे. दहा वर्षे जुन्या, तीन मालक पाहिलेल्या गाडीचे ओडोमीटर पाच हजार मैलांवर असणे मुळीच दुर्मीळ नाही. ती कायद्याच्या दृष्टीने ‘नवी’ राहते. याउलट त्याच कारखान्यात, त्याच आठवड्यात बनलेली, पण आठ हजार मैल धावलेली तिची जोडीदार विनाअडथळा नोंदवली जाते, यद्यपि झिजलेल्या इंजिनामुळे तिचा धूर अधिक असण्याची शक्यता असते. प्रत्यक्ष उत्सर्जनाची चाचणी या निर्णयात कोठेच येत नाही. राज्यातील द्वैवार्षिक धूरतपासणीतूनही मोटारसायकली वगळलेल्या आहेत. त्यामुळे नोंदणीचा उंबरठा ओलांडलेल्या गाडीची नियमित मोजणी पुढेही होत नाही, मात्र उत्सर्जन नियंत्रणाची उपकरणे काढून टाकणे बेकायदेशीर आहे.

मैलांचा आकडा नोंदणीच्या दिवशीचा नव्हे, तर खरेदीच्या वेळचा धरला जातो. सहा हजार मैलांची गाडी नेवाडात घेऊन पुढचे दीड हजार मैल स्वतः फिरवल्याने रहिवाशाचा प्रश्न सुटत नाही.

प्रमाणन ओळखणे

प्रत्येक मोटारसायकलीवर उत्सर्जन नियंत्रणाची माहिती देणारे लेबल असते. ते बहुधा सांगाड्यावर, हँडलच्या मुळाशी किंवा बैठकीखाली सापडते. त्यावर केंद्रीय नियमांबरोबर कॅलिफोर्नियाच्या नियमांचाही उल्लेख असेल, तर गाडी ५० राज्यांची आहे आणि मैलांची अट तिला लागू होत नाही. लेबल निघून गेले असल्यास उत्पादकाच्या अधिकृत विक्रेत्याकडून गाडीच्या ओळख क्रमांकानुसार दुसरे मागवावे लागते. ४९ राज्यांच्या गाडीला नंतर कोळशाचा डबा बसवून ती प्रमाणित होत नाही, कारण प्रमाणन एकेका गाडीला नव्हे, तर उत्पादकाने चाचणीस सादर केलेल्या संपूर्ण इंजिनगटाला मिळते.

अपवाद

दुसऱ्या राज्यात राहत असताना तेथे स्वतःच्या नावावर नोंदवलेली गाडी घेऊन कॅलिफोर्नियात स्थायिक होणाऱ्यास मैलांची अट लागत नाही. हा सर्वांत अधिक वापरला जाणारा अपवाद आहे. टेक्सास वा न्यू जर्सीतून नोकरीसाठी सॅन होजे परिसरात येणाऱ्या अनेक भारतीयांच्या, त्यांत मराठी कुटुंबांच्याही, उपयोगी पडतो तो हाच. मात्र आधीच्या राज्यातील नोंदणीचा पुरावा लागतो. येण्याचे ठरल्यावर गाडी घेतली, पण नावावर केली नाही, तर सवलत मिळत नाही. वारसाहक्काने किंवा घटस्फोटाच्या वाटणीत मिळालेली गाडी, राज्याबाहेर असताना चोरीस गेलेल्या वा दुरुस्तीपलीकडे मोडलेल्या वाहनाच्या जागी घेतलेली गाडी, तसेच परराज्यात नेमणुकीवर असलेल्या सैनिकांनी तेथे नोंदवलेली गाडी यांनाही सूट आहे. भेट मिळालेली गाडी मात्र या यादीत नाही.

प्रक्रिया

रहिवासी झाल्यापासून २० दिवसांत अर्ज करणे अपेक्षित असते. राज्यात नोकरी धरणे, मतदान करणे किंवा मुलांना सार्वजनिक शाळेत घालणे ही रहिवासाची लक्षणे मानली जातात. आरईजी ३४३ हा अर्ज, परराज्याचे मालकीपत्र आणि अखेरची नोंदणी यांसह गाडी प्रत्यक्ष हजर करावी लागते. कर्मचारी ओळख क्रमांक, ओडोमीटर व लेबल पाहून पडताळणी करतो. अपवाद मागणारा आपले कारण आरईजी २५६ या निवेदनात नोंदवतो. खरेदी अलीकडची असल्यास वापरकर आकारला जातो, आणि दुसऱ्या राज्यात भरलेल्या विक्रीकराची वजावट मिळते.

नियम टाळण्यासाठी काही जण विक्रीकर नसलेल्या मोंटाना राज्यात कंपनी स्थापून तिच्या नावावर गाडी ठेवतात. रहिवाशाने कॅलिफोर्नियात अशी गाडी कायम वापरणे हे नोंदणी कायद्याचे उल्लंघन ठरते, आणि परराज्यीय पाट्यांच्या अशा वाहनांविषयी तक्रार घेण्याची सोय राज्याच्या महामार्ग पोलिसांनी केली आहे.

परदेशी बाजारपेठेतील गाड्या

परदेशातून थेट आणलेल्या मोटारसायकलीला आधी केंद्रीय सुरक्षा व उत्सर्जन नियमांतून जावे लागते. सुरक्षा मानकांतून सूट २५ वर्षे जुन्या वाहनांनाच मिळते. पुण्यात वा नाशिकात वापरलेली रॉयल एनफील्ड जहाजाने नेऊन कॅलिफोर्नियात नोंदवणे त्यामुळे सहसा शक्य होत नाही, जरी त्याच भारतीय कंपनीच्या, अमेरिकेसाठी वेगळ्या प्रमाणित केलेल्या गाड्या तेथील दुकानांत विकल्या जातात.