‘काझी’ या आडनावाची कुळकथा

काझी म्हणजे कोण, असे कुणाला विचारले तर ‘निकाह लावणारा’ हेच उत्तर मिळते. ते खोटे नाही. पण तो मूळ अर्थ नव्हे, मागे उरलेला अर्थ आहे.

मूळ शब्द अरबी. निवाडा करणे या अर्थाच्या धातूपासून तो झाला. काझी म्हणजे निवाडा करणारा, न्यायाधीश. त्यातल्या एका अक्षराचा उच्चार अरब ‘द’ किंवा ‘ड’च्या जवळचा करतात, फारसी-उर्दूत तो ‘ज़’ होतो. म्हणून तुर्कस्तानात ‘कादी’, आणि आपल्याकडे काजी किंवा काझी. इस्तंबूल शहरातील कादीकोय या भागाच्या नावाचा अर्थच ‘काझीचे गाव’. आणखी मौज अशी की, स्पेनमधील अखेरचे मुस्लिम राज्य १४९२ मध्ये बुडाले, तरी तिथे नगराध्यक्षाला आजही ‘अल्काल्दे’ म्हणतात. हा आपला ‘अल-काझी’च होय!

दख्खनमध्ये सुलतानी व मोगल अमलात परगण्याच्या कसब्यात काझी असे. तंटे तोडावेत, खरेदीखतावर शिक्का करावा, निकाह नोंदवावा, अनाथांच्या मिळकतीवर देखरेख ठेवावी, ही त्याची कामे. आपल्या जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाविषयी जुने गॅझेटियर सांगते की, सुमारे १४५० मध्ये हा परगणा एका काझीला जहागीर मिळाला आणि पुढे काझीने तो आपखुशीने जाधवांच्या पूर्वजाकडे सोपविला. जिजाऊंच्या माहेरची हकिकत अशी एका काझीपाशी जाऊन पोहोचते.

काझीपद वास्तविक विद्येचे. शरियतचे ज्ञान असणाऱ्यालाच सनद मिळावी, असा दंडक. पण सनदेबरोबर इनाम जमीन आली, जमीन घरात राहिली आणि तिच्यामागून पदही घरातच राहिले. मुलगा शिकलेला असो वा नसो, तो काझीच! माझ्या मते पदाचे आडनाव झाले ते इथेच.

इंग्रजांनी १८६४ च्या कायद्याने सरकारी काझी नेमणे बंद केले. १८८० च्या काझी कायद्याने नेमणूक पुन्हा सुरू झाली खरी, परंतु न्यायदानाचा कोणताही अधिकार यातून मिळत नाही, असे त्याच कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. निवाडा गेला, निकाह राहिला. आता न्यायाधीश व्हायला कायद्याची पदवी लागते. तिथे आडनाव कुणी विचारीत नाही.

दाखल्यावर मात्र विचारतात! एका भावाचे ‘काजी’, दुसऱ्याचे ‘काझी’ असे झाले की शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या वेळी धावपळ होते. दोन्ही रूपे बरोबरच आहेत. तेव्हा प्रवेशाच्या दिवशी वडिलांचा जुना दाखला सोबत आणावा व त्यावर असेल तेच अक्षर पुढे चालवावे.