शियाळी रामामृत रंगनाथन

शियाळी रामामृत रंगनाथन (१८९२ – २७ सप्टेंबर १९७२) हे भारतीय गणितज्ञ, ग्रंथपाल व ग्रंथालयशास्त्रज्ञ होते. ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री, द्विबिंदू वर्गीकरण पद्धती आणि सार्वजनिक ग्रंथालयांच्या कायद्यासाठी केलेला पाठपुरावा यांमुळे त्यांना भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाते. ग्रंथालयाचे मोल वाचकाला होणाऱ्या उपयोगावरून ठरते, हा विचार त्यांच्या सर्व कार्याच्या मुळाशी होता.

जीवन

रंगनाथन यांचा जन्म तत्कालीन मद्रास इलाख्यातील तंजावर जिल्ह्यात शियाळी येथे झाला. मद्रास ख्रिश्चन महाविद्यालयातून गणितात पदव्युत्तर शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी मंगळूर, कोईमतूर व मद्रास येथील शासकीय महाविद्यालयांत अध्यापन केले. जानेवारी १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल म्हणून त्यांची नियुक्ती झाली. या कामाचा त्यांना पूर्वानुभव नव्हता, आणि आरंभी ते त्यात रमलेही नाहीत. त्याच वर्षी ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमासाठी गेले. तेथे डब्ल्यू. सी. बर्विक सेयर्स यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. इंग्लंडमधील अनेक ग्रंथालये पाहिल्यावर, समाजाच्या शिक्षणात ग्रंथालय केवढे काम करू शकते, याची त्यांना जाणीव झाली.

१९२५ मध्ये परतल्यावर त्यांनी सुमारे दोन दशके मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयाची सेवा केली. वाचकाला कपाटापर्यंत जाऊन स्वतः पुस्तक निवडू देणारी मुक्तद्वार पद्धती आणि संदर्भसेवा यांवर त्यांचा भर होता. १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. पुढे त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठ, दिल्ली विद्यापीठ आणि उज्जैनचे विक्रम विद्यापीठ येथे काम केले. १९६२ मध्ये बंगळूर येथे भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अंतर्गत प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र त्यांनी सुरू केले.

पंचसूत्री

१९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. पहिल्या सूत्रानुसार ग्रंथ हे वापरासाठी असतात. मध्ययुगीन युरोपात ग्रंथ साखळीने बांधून ठेवत. पुढेही अनेक ठिकाणी ग्रंथ जपून ठेवणे हेच ग्रंथपालाचे मुख्य कर्तव्य समजले जाई. या समजुतीला पहिले सूत्र छेद देते. ग्रंथालयाची जागा, वेळ, आसनव्यवस्था आणि सेवकवर्ग या साऱ्यांचा विचार त्यानुसार वापराच्या दृष्टीने करावा लागतो.

दुसरे सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा असे सांगते. श्रीमंत-गरीब, स्त्री-पुरुष, शहर-खेडे असा भेद त्यात बसत नाही. तिसरे सूत्र प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळवून देण्याची जबाबदारी ग्रंथालयावर टाकते. चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे, तर पाचव्या सूत्रात ग्रंथालयाला वाढत्या सजीवाची उपमा दिली आहे. ग्रंथ, वाचक व सेवक वाढत राहणार हे गृहीत धरूनच इमारत व व्यवस्था आखावी, असा या उपमेचा व्यावहारिक अर्थ आहे.

द्विबिंदू वर्गीकरण

मेल्विल ड्युई यांच्या १८७६ मधील दशांश वर्गीकरणात विषयांची यादी आधीच तयार असते आणि ग्रंथाला तिच्यातील योग्य जागा दिली जाते. नवे व संमिश्र विषय निर्माण झाले की अशी यादी अपुरी पडते. लंडनमधील एका दुकानात मेकॅनो या खेळण्याचे सुटे भाग जोडून विविध आकृत्या बनवताना पाहून रंगनाथन यांना वेगळी वाट सुचली. विषयाचे घटक निराळे करावेत, प्रत्येक घटकाला चिन्ह द्यावे आणि गरजेनुसार ती चिन्हे जोडावीत, ही ती कल्पना होय. जोडणीसाठी द्विबिंदू या विरामचिन्हाचा वापर केल्यामुळे १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीला द्विबिंदू वर्गीकरण हे नाव मिळाले.

पुढील विकासात व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल व काल हे पाच मूलभूत प्रवर्ग निश्चित झाले. उदाहरणार्थ, ‘१९६० च्या दशकातील महाराष्ट्रातील उसावरील रोग’ या विषयात शेती हा मुख्य वर्ग, ऊस हे व्यक्तित्व, रोग ही ऊर्जा, महाराष्ट्र हे स्थल आणि ते दशक हा काल ठरतो.

ग्रंथालय कायदा

वाचनाची सोय दात्यांच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, यासाठी रंगनाथन यांनी कायद्याचा आग्रह धरला. १९३० मध्ये बनारस येथील अखिल आशियाई शिक्षण परिषदेत त्यांनी आदर्श ग्रंथालय कायद्याचा मसुदा मांडला. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालय कायदा केला होता. स्वतंत्र भारतातील असा पहिला कायदा १९४८ मध्ये मद्रास प्रांतात झाला. त्यामागे रंगनाथन यांचे प्रयत्न होते. त्यात ग्रंथालयांसाठी स्थानिक उपकराची तरतूद होती. महाराष्ट्राच्या १९६७ च्या अधिनियमात मात्र असा उपकर नाही. येथील मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालये शासकीय अनुदानावर बरीचशी अवलंबून आहेत.

सन्मान व प्रभाव

रंगनाथन यांना १९५७ मध्ये पद्मश्री हा सन्मान मिळाला आणि १९६५ मध्ये ते राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले. मद्रास विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन स्थापन व्हावे म्हणून त्यांनी स्वतःच्या बचतीतून एक लाख रुपये दिले. १२ ऑगस्ट हा दिवस भारतात राष्ट्रीय ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो.

द्विबिंदू वर्गीकरणाची चिन्हे गुंतागुंतीची असल्याने त्याचा वापर मर्यादित राहिला. भारतातही अनेक ग्रंथालये ड्युई यांचीच पद्धती वापरतात. त्यामागील घटक-विश्लेषणाचे तत्त्व मात्र जगभर स्वीकारले गेले. लंडनमध्ये १९५२ मध्ये स्थापन झालेल्या वर्गीकरण संशोधन गटाने ते पुढे विकसित केले. संगणकावरील सूचीत लेखक, भाषा, वर्ष किंवा विषय निवडून शोध आटोपशीर करण्याची आजची सोय याच तत्त्वाशी नाते सांगते.